भाकरी मोडते, अळू खाजतं? हंगामी खाताना या चुका टाळा

बाजरीचं महिन्याभराचं पीठ एकदम दळून आणणं, ही सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक. गव्हाची सवय असते ना, डबा भरून ठेवायचा! पण बाजरीत तेलाचा अंश जास्त, १०० ग्रॅममागे साधारण ५ ग्रॅम. दळल्यावर त्याला हवा लागते आणि आठ-दहा दिवसांतच पीठ कडसर लागायला लागतं. मग आपण म्हणतो, पोरांना बाजरी आवडत नाही. पोरांचं बरोबरच असतं. आठवड्यापुरतंच दळा. गिरणीवाला किलोभरासाठी कुरकुरला, तर शेजारणीबरोबर मिळून दळून वाटून घ्या.

ज्वारी इतक्या लवकर कडवट होत नाही, पण जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहायचा गुण, जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, परातीतून उचलली की तुकडे हातात. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हासारखं धरून ठेवणारं काही नाही. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो, सगळी मदार त्यावर. कोमट पाण्यावर भागवू नका. पिठाच्या मधोमध उकळतं पाणी घाला, उलथन्याच्या टोकाने कालवा, हाताला सोसवेल तेव्हा तळहाताने रगडून मळा. आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळा. पोळीच्या कणकेसारखा मोठा गोळा मुरत ठेवलात, तर शेवटच्या भाकऱ्या हमखास मोडतात. तव्यावर भेगा पडत असतील, तर वरचं पाणी पार सुकेपर्यंत तुम्ही थांबताय. थोडी ओल असतानाच उलटा. दोन चमचे कणीक मिसळायची युक्ती चालते, पण घरात कुणाला गहू वर्ज्य असेल तर अजिबात नको.

आता पावसाळ्याकडे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून घसा खवखवतो. चिरण्याआधी हाताला तेल लावा, भाजीत चिंच किंवा आमसूल घाला आणि पुरतं शिजवा. वड्यांचं बहुतेक चुकतं ते उकडताना: गुंडाळी जाड, वेळ कमी, मग आतली पानं कच्ची राहतात. नुसतं तळून ती कसर भरून निघत नाही.

शेवळं ही रानभाजी तर याहून खाजरी. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात पहिल्या पावसाबरोबर येतात, आणि विकणारी बाई जुडीबरोबर काकडांची आंबट फळं देऊ करते. मी एका वर्षी ती ‘नको’ म्हणून आले. दोन घासांत घशाने जाब विचारला. काकडं घ्याच, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाका, आणि साफ करताना हाताला तेल हवंच. फोटो पाहून रानातून भाजी खुडून आणू नका. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या शिजते त्यांच्याकडून घ्या, आणि कशी करायची तेही तिथेच विचारा. भारंगीसारख्या कडू पाल्याचं उकळलेलं पाणी टाकायचं असतं, हे जुडीवर लिहिलेलं नसतं.

फेब्रुवारीत पेटीभर पिवळेधमक आंबे दिसले तर जरा थांबा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. इथिलीन वायूने ठरावीक मर्यादेत पिकवता येतात. बाहेरून एकसारखं पिवळं, आत आंबट आणि वास नाही, असा आंबा बहुधा कोवळाच उतरवलेला असतो.

नाचणीची बिस्किटं घेताना पुडी उलटी करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मैदा, साखर, पाम तेल आणि मग नाचणी असेल, तर ती मैद्याचीच बिस्किटं. गुळाचंही तसंच. साखरेऐवजी गूळ म्हणून चहात दुप्पट घालणारे मी पाहिलेत. गुळातही मुख्यतः साखरच असते.

खरी नाचणी खायची तर आंबील करा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्राम कॅल्शियम असतं. गुठळ्या होत असतील, तर पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकू नका. आधी गार पाण्यात सरसरीत कालवा, मग ते उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि ढवळत राहा. ताक मात्र आंबील खाली उतरवून निवल्यावरच, नाहीतर फुटतं.