डंपर मोजायचा तर टायरपासून

माझा भाचा बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल. गेल्या महिन्यात होसपेटकडच्या एका खाणीतून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. संध्याकाळी घरी आला आणि मोबाइलवरचा डंपर माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "मामा, चार हजार हॉर्सपॉवर हाय की ह्याला!" म्हटलं, "असू दे. टायर किती आहेत?" मग मोजत बसला.

बावीस वर्षं खाणीतल्या डंपरांच्या मेंटेनन्समध्ये काढल्यावर सांगतो, इंजिनाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि कामाला सगळ्यात उशिरा येतो. आपल्याकडे गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात. ट्रॅक्टर ओढतोय ना, मग टाक अजून चार मोळ्या. आणि तवंदी घाटात फुटतो तो ट्रॉलीचा टायर, इंजिन नव्हे. डंपरचंही तेच आहे, फक्त शून्य वाढवा. भाच्याला वहीत जे लिहून दिलं तेच इथे मांडतोय. बेळगाव-खानापूर-निपाणीकडची बरीच पोरं खाणीत जातात, कुणाच्या तरी कामी येईल.

पहिल्यांदा गाडीची प्लेट वाचा. तीन आकडे शोधायचे: रिकामं वजन, पेलोड म्हणजे न्यायच्या मालाचं वजन, आणि दोन्ही मिळून एकूण. इथे एक खड्डा आहे, त्यात सगळे पडतात. अमेरिकेचा 'शॉर्ट टन' ९०७ किलोचा, आपला टन १००० किलोचा. म्हणून खाणीत ज्याला 'शंभर टनी' म्हणतात तो खरा ९१ टनांचा असतो, आणि कॅटरपिलरचा ७९७एफ '४०० टनी' म्हणून मिरवतो तो आपल्या हिशेबाने ३६३ टनांचा. मुलाखतीत कुणी शंभर म्हणालं तर "कुठला टन, सर?" एवढं विचारलंत तरी समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

आता एकूण वजनाला टायरने भागा. बहुतेक डंपरना सहा टायर: पुढे दोन, मागे जोडीने चार. भरलेल्या गाडीचं एक तृतीयांश वजन पुढे आणि दोन तृतीयांश मागे बसेल अशी बॉडी ठेवलेली असते, म्हणजे सहाही टायरांवर सारखा भार. ७९७एफ भरल्यावर सुमारे ६२४ टन. भागिले सहा, एका टायरवर १०४ टन. रस्त्यावरचा आपला दहा टायरचा टिपर गाडी धरून एकूण २८.५ टनांचा असतो. तसे साडेतीन टिपर एका टायरवर उभे केले असं समजा.

बेलारूसचा बेलाझ ७५७१० घ्या. २०१३ साली आला. पेलोड ४५० टन, भरून ८१० टन. हा तर केवढा मोठा! पण टायर आठ आहेत. ८१० भागिले आठ, १०१ टन. म्हणजे फिरून त्याच आकड्यावर आलो. कारण टायर तोच आहे: ५९/८० आर ६३ मापाचा, उंची सुमारे चार मीटर, वजन पाच टनांच्या वर. याहून मोठा टायर सर्रास मिळत नाही. मिळाला तरी न्यायचा कसा? हाच ट्रेलरवर आडवा टाकला तर दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. आणि रबर जितकं जाड तितकी आतली उष्णता कोंडते. डंपर का वाढत नाहीत असं विचारलं तर मी म्हणतो, टायरवाल्याला विचारा.

मग टायर वाढवावेत की! बेलाझने पुढेही जोडी टायर लावले, चारही जोड्यांना जोर दिला, दोन्ही एक्सल वळतात अशी व्यवस्था केली. त्याआधी १९७० च्या दशकात टेरेक्स टायटनने दहा टायर लावून पाहिले, वर ३३०० हॉर्सपॉवरचं रेल्वे इंजिनाचं डिझेल. तसा एकच बनला. आता कॅनडात स्पारवूड गावात लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. टायर वाढले की वळताना ते घासतात, गाडी रुंद होते आणि रस्ताही रुंद करावा लागतो. दोन गाड्या समोरासमोर जायच्या तर गाडीच्या रुंदीच्या किमान तिप्पट रस्ता, हा आमचा साधा ठोकताळा. तेवढी माती कापायची म्हणजे फुकट काम नव्हे.

भार झाला. आता टायर किती तापेल? याचं माप टीकेपीएच, टन-किलोमीटर-प्रति-तास. मी हे मार खाऊन शिकलो. एका खाणीत माल टाकायची जागा लांब गेली, फेरी दुप्पट झाली, आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, रस्ता चांगला आहे, पळवा. पाळीभर गाड्या पळाल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन टायरांचे ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर, सोलून निघाले, हवा बरोबर असताना. आमच्यातल्या जुन्या टायरमनने काडीने मातीत हिशेब करून दाखवला. ९१ टनी गाडी भरून १६३ टन, म्हणजे टायरवर २७. रिकामी ७२, म्हणजे टायरवर १२. सरासरी साडेएकोणीस. पाळीचा सरासरी वेग, थांबणं धरून, ताशी १८ किलोमीटर. गुणाकार सुमारे ३५०. टायर कंपनीच्या कागदावरचा आकडा याहून कमी असेल तर एकतर वेग कमी करा किंवा उष्णता सोसणारा दुसऱ्या रबराचा टायर घ्या. हवा कमी करून, पाणी मारून काही होत नाही.

आता चढ. सूत्र वहीत लिहून ठेवा: चाकावरचे किलोवॅट गुणिले ३६.७, भागिले (टन गुणिले टक्के). उत्तर ताशी किलोमीटर. टक्के म्हणजे चढ अधिक रस्त्याचा अडथळा. घट्ट दाबलेल्या रस्त्याचा अडथळा २ टक्के धरा. टायर जमिनीत रुतला की प्रत्येक सेंटिमीटरला ०.६ टक्का वाढवा.

९१ टनी गाडीला इंजिन सुमारे ७५० किलोवॅटचं. वाटेत पाचवा हिस्सा जातो, चाकाला ६००. दहाला एक चढ म्हणजे १० टक्के, अधिक २. वेग येतो ११ च्या आसपास. ७९७एफचं इंजिन चौपट, जवळपास ३००० किलोवॅट. चाकाला २४०० धरा, वजन ६२४. वेग बाराच्या आत. भाच्याचा चेहरा इथे पडला. चार हजार हॉर्सपॉवरची गाडी चढावर सायकलच्या वेगाने जाते, लहान गाडीही तशीच. मोठा डंपर लवकर पोचत नाही, एका फेरीत जास्त नेतो, एवढंच.

आणि पावसाळा. आपल्याकडची लाल माती जूनमध्ये काय होते ते खानापूरच्या माणसाला सांगायला नको. टायर पाच सेंटिमीटर रुतला तर अडथळा २ वरून ५. त्याच चढावर बारा टक्क्यांचे पंधरा झाले, वेग ११ वरून ९. रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरवणं नव्या इंजिनापेक्षा स्वस्त पडतं. हे मी तीन मॅनेजरांना सांगितलं, एकाने ऐकलं.

ड्राइव्ह दोन जातींचे. मेकॅनिकलमध्ये इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकातले फायनल ड्राइव्हचे गिअर. इलेक्ट्रिकमध्ये डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवतं, त्याची वीज इन्व्हर्टरमधून मागच्या चाकांतल्या मोटरींना, आणि चाकात पुन्हा गिअर. गिअरबॉक्स नाही, शाफ्ट नाही. पूर्वी या मोटरी डीसी होत्या. ब्रश आणि कम्युटेटर यांची निगा राखताना हात काळे व्हायचे. १९९० च्या दशकात मोठ्या डंपरात एसी मोटरी आल्या आणि ब्रश गेले.

कुठला निवडायचा? शंभर टनांच्या आत बहुतेक मेकॅनिकलच दिसतो: किंमत कमी, आणि गिअरबॉक्स उघडणारा माणूस मिळतो. दोनशेच्या वर इलेक्ट्रिक भारी पडतो, खास करून लांब चढ असेल तर. छत्तीसगडच्या गेव्रा कोळसा खाणीत २४० टनी डंपर आहेत, ते याच आकाराचे. पण नियम म्हणून घोकू नका. ७९७एफ इतका मोठा असून मेकॅनिकल आहे, सात गिअरांचा. त्याच वर्गातला लीबहेरचा टी २८४ इलेक्ट्रिक. दोन्ही जगात चालतात.

मी मात्र आधी उतार बघतो. लोखंडाची खाण बऱ्याचदा डोंगरमाथ्यावर आणि दगड फोडणारा क्रशर पायथ्याला. मग गाडी भरून खाली येते, रिकामी वर जाते. सूत्र उलटं फिरवा: १६३ टन, १० टक्के उतार, रस्त्याचा अडथळा वजा करून ८, वेग २५. उत्तर ८८८ किलोवॅट. इंजिन ७५० चं, रोखायला लागतात ८८८! मेकॅनिकल गाडीत ही सगळी उष्णता तेलात बुडालेल्या ब्रेकच्या चकत्यांत जाते आणि तिथून रेडिएटरमध्ये. तेलाचा काटा लाल झाला तर ड्रायव्हरने उतार लागण्याआधीच गिअर आणि वेग कमी करायला हवा होता. मध्यावर सुचून उपयोग नाही. इलेक्ट्रिकमध्ये मोटरी जनरेटर होतात, वीज रेझिस्टरच्या जाळीत जाऊन जळते, मोठा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. झिजत काही नाही. म्हणून कागदावर आधी रिटार्डिंगचा, म्हणजे उतारावर गाडी रोखण्याचा, तक्ता बघा, हॉर्सपॉवर नंतर.

भरणं थोडक्यात. शॉवेलने, म्हणजे माल उचलणाऱ्या यंत्राने, चार ते सहा बादल्यांत गाडी भरावी. दहा घनमीटरची बादली, लोखंडाचा सुटा माल घनमीटरला २.४ टन, बादली नव्वद टक्के भरते: साडेएकवीस टन. चार बादल्यांत ८६. पाचवी जेमतेम पाव. तीही पूर्ण टाकली तर १०८ होतात, जवळजवळ वीस टक्के जास्त. वजनाचा एक नियम चालतो: शंभरातल्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त फेऱ्या पेलोडच्या ११० टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि १२० टक्क्यांवर एकही नाही. बॉक्साइटला हीच बॉडी काठोकाठ भरते तरी वजन भरत नाही, लोखंडाला अर्धी दिसते. डोळ्यावर विश्वास ठेवणारा ऑपरेटर इथे फसतो.

शेवटी इलेक्ट्रिक डंपरच्या कामावर लागणाऱ्यांसाठी. इंजिन बंद केल्यावर लगेच कंट्रोल कॅबिनेटचं दार उघडायचं नाही. आत वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले असतात, इंजिन बंद झालं हे त्यांना कळत नाही. कॅबिनेटवर एक दिवा असतो. गाडी कुणी चालू करू नये म्हणून आधी स्विचला कुलूप घाला, मग दिवा विझेपर्यंत थांबा, मग मीटर लावून शून्य बघा, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. दुसऱ्याच्या खिशात नव्हे.