अपठित कविता आणि उतारा: या चुका टाळा

पेपरात कधीही न वाचलेली कविता समोर आली की बरेच विद्यार्थी पेन्सिल घेऊन आधी अलंकार शोधायला लागतात. मार्क मात्र त्याच्या आधीच गेलेले असतात. कोण बोलतंय, काय घडतंय, हेच नीट वाचलेलं नसतं. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज विद्यापीठात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांनी काय लिहिलं ते तपासलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं. कविता वाचताना येणाऱ्या अडचणींची जी यादी त्यांनी त्यात दिली, तिच्यात पहिली अडचण साधा सरळ अर्थ न लागण्याची आहे. आणि ती मुलं बहुतेक साहित्याचाच अभ्यास करणारी होती!

या लेखासाठी रचलेल्या तीन ओळी घेऊ:

गाडी कधीच येऊन गेली.
आई दार लोटते, कडी लावत नाही.
ताट झाकून ठेवते, पुन्हा उघडून बघते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘या कवितेत मातृप्रेमाचे उदात्त दर्शन घडते.’ हे वाक्य आईवरच्या कुठल्याही कवितेला चालेल, म्हणून ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. साचेबंद प्रतिसाद ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण लिहिणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतच नाही.

आता तेच सावकाश वाचा. गाडी ‘कधीच’ येऊन गेली, म्हणजे ज्याची वाट पाहत होते तो बहुधा आलेला नाही. दार लोटलंय, पण कडी नाही. आशा कुठेही शब्दात सांगितलेली नाही, ती त्या न लावलेल्या कडीत आहे. पहिली ओळ भूतकाळात, पुढच्या दोन वर्तमानकाळात. त्यामुळे हे आजच घडतंय की रोजच, ते उघडं राहतं. आणि ‘आई’ म्हणणारं कुणीतरी घरातच आहे, हे सगळं बघतंय. त्या मुलाची किंवा मुलीची वाट कुणी पाहत नाहीये. माझ्या मते कवितेतली खरी वेदना इथे आहे आणि ती एका नात्याच्या शब्दावरून सापडते. अलंकाराचं एकही नाव न घेता एवढं लिहिता आलं.

अलंकार ओळखू नका असं नाही. पण ‘इथे अनुप्रास आहे, त्यामुळे कवितेला लय येते’ एवढ्यावर थांबू नका. कुठला ध्वनी परत येतो, त्यानं ओळ जड होते की वेगवान, आणि त्या वेगाचा आशयाशी काय संबंध, हे सांगता येत नसेल तर तो मुद्दा सोडून द्या. यमक, मुक्तछंद, प्रतिमा यांनाही हेच लागू.

वाचताना ओळ संपली की थांबायची सवय मोडा. वाक्य जिथे संपतं तिथे थांबा. अर्थाचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

गद्य उताऱ्यात चुका वेगळ्या असतात. पहिली म्हणजे उताऱ्याचा सारांश लिहून त्यालाच विश्लेषण समजणं. परीक्षकानं उतारा वाचलेला आहे. काय घडलं यापेक्षा ते कुणाच्या नजरेतून आणि कुठल्या क्रमानं सांगितलंय, काय लपवून ठेवलंय, याला मार्क आहेत. दुसरी म्हणजे निवेदक आणि लेखक एकच मानणं. ‘मी’ असं लिहिलंय म्हणून तो लेखक नव्हे. तो ‘मी’ खोटं बोलत असेल, स्वतःची समजूत घालत असेल. त्याच्या बोलण्यात आणि वागण्यात फट दिसली की तिथेच लिहा. वाक्यांची लांबीही बघा: लांब वर्णनांनंतर अचानक तीन शब्दांचं वाक्य आलं, तर तिथे काय बदललं?

काहीच कळलं नाही तर? घाबरून कवीच्या आयुष्याचा अंदाज बांधू नका. सर्वनामांखाली रेघ मारा, मी, तू, ते कोण आहेत ते ठरवा. मग ‘पण’, ‘तरी’, ‘आता’ शोधा. कविता बहुधा तिथे वळते. शीर्षक आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून वाचा. जो भाग पक्का कळलाय तिथून उत्तर सुरू करा, आणि जिथे दोन अर्थ निघतात तिथे दोन्ही लिहून कुठला जास्त पटतो ते शब्दांच्या आधारानं सांगा. संदिग्धता मान्य केल्यानं मार्क जात नाहीत, आधाराशिवाय ठाम बोलल्यानं जातात.

तयारीत गाईडमधलं तयार रसग्रहण आधी वाचणं सोडा. ते वाचल्यावर कविता अपठित उरतच नाही. मासिकातली कविता घ्या, कवीचं नाव झाका, दोनदा मोठ्यानं वाचा आणि सरळ अर्थ चार वाक्यांत लिहा. मगच बाकीचं. परीक्षेतही मिळालेल्या वेळातला साधारण चौथा हिस्सा वाचण्याला आणि खुणा करण्याला द्या. शेजारचा पुरवणी मागत असला, तरी.