मोमेंटची गणितं: लंब अंतर शोधत बसू नका

मोमेंट म्हणजे बल वस्तूला एखाद्या बिंदूभोवती किती फिरवू पाहतं त्याचं माप. त्याचं सूत्र सोपं आहे: बल गुणिले लंब अंतर, म्हणजे त्या बिंदूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर. घोडं अडतं ते लंब अंतरापाशी. बल तिरकं असलं की मुलं त्रिकोणावर त्रिकोण काढत बसतात. द्विमितीय गणितात बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शोभेल असा एक ब्रॅकेट घेऊ. खांबाला 'अ'पाशी वेल्ड केलेला, तिथून उजवीकडे ०.४ मीटर आडवा, मग ०.३ मीटर उभा वर. वरच्या टोकाला, 'ब'पाशी, साखळी २५० न्यूटनने उजवीकडे खाली ओढते, आडव्या रेषेशी ६० अंशांत. 'अ'भोवती मोमेंट किती?

आधी आकृती काढा आणि कोपऱ्यात लिहा: घड्याळाच्या उलट फिरवणारं ते धन.

मग बलाचे दोन घटक करा. आडवा २५० × कोसाइन ६० = १२५ न्यूटन, उजवीकडे. उभा २५० × साइन ६० = २१६.५ न्यूटन, खाली.

आता गुणाकार, आणि इथे अदलाबदल असते: उभ्या घटकाला आडवं अंतर, आडव्या घटकाला उभं. म्हणजे २१६.५ × ०.४ = ८६.६ आणि १२५ × ०.३ = ३७.५.

चिन्हासाठी सूत्र पाठ करू नका. कागदावर 'अ'वर पेनाचं टोक दाबून धरा आणि 'ब'पाशी बोटाने कागद घटकाच्या दिशेने ढकला. कागद फिरेल तीच दिशा. इथे दोन्ही वेळा तो घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून दोन्ही ऋण. उत्तर −१२४.१ न्यूटन-मीटर. घटकांच्या मोमेंटची बेरीज म्हणजेच मूळ बलाचं मोमेंट, हा व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या (१६५४–१७२२) नावाचा सिद्धांत. परीक्षेत त्याचं नाव लिहिलेलं बरं.

पडताळा मिनिटभराचा. 'अ' ते 'ब' सरळ अंतर ०.५ मीटर, लंब अंतर त्याहून जास्त असूच शकत नाही. १२४.१ भागिले २५० म्हणजे ०.४९६. जमलं. १२५ च्या वर उत्तर आलं असतं तर कुठेतरी चूक नक्की होती. बहुधा मिलिमीटरचे मीटर करायचे राहतात.

बलाची रेषा 'अ'मधूनच जात असेल तर मोमेंट शून्य; आकडेमोड नकोच. आणि आकृतीत गोल बाणाने कपल (समान, समांतर पण उलट दिशांच्या दोन बलांची जोडी, जी नुसती फिरवते) दिलं असेल, तर त्याला कुठल्याही अंतराने गुणू नका. ते कुठेही असो, चिन्हासकट थेट बेरजेत घ्या.