इनलाइन की आइस? गोलीचं ट्रेनिंग शोधताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

ताईचा फोन आला, म्हणाली पोराला हॉकीत गोली, म्हणजे गोलकीपर, व्हायचंय, ती चाकाच्या स्केटवाली हॉकी, तू खेळायचास ना, कोणीतरी कोच बघ. मी आधी हसलो आणि मग गप्प बसलो. चार वर्षांपूर्वी मी स्वतः याच वाटेने गेलेलो, तेही तिशी उलटल्यावर, आणि इथे गोव्यात फोंड्याला बसून जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या केल्या, पैसे घालवून केल्या. भाच्याच्या वाट्याला त्या येऊ नयेत म्हणून लिहून ठेवतोय, इतरांच्याही कामाला येतील.

पहिली चूक: "हॉकीचा कोच" शोधणे

मी सरळ ओळखीत विचारत सुटलो, हॉकीचा गोलकीपिंग कोच कोण आहे का. एक नंबर मिळाला, फोन केला, समोरचा खूश, म्हणाला या या, गोलकीपर तर आम्हाला पाहिजेच. मी बॅगेत स्केट्स घालून पोचलो तर समोर टर्फ, आणि मला पायात घालायला फोमचे जाडजूड किकर्स दिले. माणूस बिचारा चांगला होता, चहा पाजून पाठवला. आपल्याकडे नुसतं हॉकी म्हटलं की फील्ड हॉकी, ही चूक त्याची नाही, माझीच.

आता नीट समजून घ्या, कारण गोली हा शब्द एकच असला तरी त्याखाली चार वेगळी कामं आहेत. फील्ड हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, गोली बूट घालून धावतो आणि बॉल लाथेने मारतो. दुसरी रोलर हॉकी, म्हणजे दोन पुढे दोन मागे अशी चार चाकं असलेल्या स्केट्सवर, आखूड वाकड्या स्टिकने आणि बॉलने खेळतात ती. पोर्तुगालात ही भयंकर लोकप्रिय, तिथे वर्ल्ड चॅम्पियन टीम्स झाल्यात, आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती प्रदर्शनी खेळ म्हणून होती. तिचा गोल १.७० मीटर रुंद आणि फक्त १.०५ मीटर उंच, म्हणून तिथला गोली जवळजवळ उकिडवाच बसलेला असतो. तिसरी इनलाइन, एका रांगेतली चाकं, लांब स्टिक आणि बॉलऐवजी पक, म्हणजे चपटी चकती. चौथी आइस, बर्फावरची, तिथेही पकच.

यातली दुसरी आणि तिसरी यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, कारण दोन्ही एकाच रोलर स्केटिंग फेडरेशनच्या स्पर्धांत असतात आणि स्केटिंग क्लासवाले दोन्हींना "रोलर हॉकी"च म्हणतात. मी दीड महिना उकिडवं बसायला शिकलो राव! मग इनलाइनच्या मॅचला उभा राहिलो तर खांद्याच्या दोन्ही बाजूंनी वरचे कोपरे उघडे, पक येतोय आणि जातोय. आइसचा गोल ६ फूट बाय ४ फूट असतो. इनलाइनमध्ये काही ठिकाणी तोच वापरतात, काही ठिकाणी रोलरचा छोटा. म्हणून क्लासला पहिल्या दिवशी जाताना खिशात मेजरिंग टेप ठेवा, लोक हसतील, हसू देत. गोल किती उंच यावर तुम्ही किती उभं राहायचं ते ठरतं.

दुसरी चूक: आइसचे व्हिडिओ बघून कोब्यावर बटरफ्लाय

ही खरी मोठी चूक, हिच्यावर जरा थांबतो.

यूट्यूबवर गोलीचं जे काही सापडतं त्यातलं बहुतेक आइसचं असतं. तिथला गोली गुडघ्यावर बसतो, पायांचे दोन्ही पॅड आडवे पसरतो (हाच तो बटरफ्लाय), आणि तसाच बसल्या बसल्या एका पायाने ढकलून गोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जातो. बघायला काय भारी वाटतं. मी ते सोसायटीच्या हॉलमध्ये कोब्यावर केलं. बसलो तो बसलोच. पॅड फरशीला चिकटले, पक दुसऱ्या बाजूला गेला, आणि मी मधोमध देवासारखा बसून राहिलो.

असं होतं कारण बर्फावर पॅड घसरतो आणि ब्लेडची धार बर्फात रुतते, म्हणजे ढकलायला पकड आणि सरकायला घसरण दोन्ही एकाच वेळी मिळतं. फरशीवर उलटं. पॅड अडतो, आणि चाकं पॉलियुरेथेनची, ती फिरतात पुढे-मागे, बाजूला सरकत नाहीत. आइसवरचा गोली बारीक शफल करतो, म्हणजे बाजूला थोडं थोडं सरकतो, तेव्हा त्याचं ब्लेड बर्फावरून आडवं खरवडत जातं, चाकांवर तेच करायला गेलात तर चाक पकडतं आणि तुम्ही पडता, म्हणून इथे शफल म्हणजे छोटी छोटी पावलं उचलणं. टी-पुश मात्र चालतो, एक स्केट जायच्या दिशेला वळवायचा, दुसऱ्याने ढकलायचं. पॅडला खाली लावायचे गुळगुळीत स्लाइड कव्हर मिळतात, प्लॅस्टिकच्या टाइल्सच्या कोर्टवर त्यांनी बराच फरक पडतो, पण शाळेच्या बास्केटबॉल कोर्टच्या खरखरीत सिमेंटवर ती दोन आठवड्यांत सोलून निघतात.

यातून गोलीचा अख्खा विचार बदलतो. चाकांवर एकदा खाली बसलात की पुन्हा हलायला वेळ लागतो, म्हणून उभं जास्त राहायचं, उशिरा बसायचं, आणि समोरच्याकडे पास द्यायला बाजूला माणूस असेल तर फार पुढे यायचं नाही. त्यात इनलाइनमध्ये गोली सोडून चारच खेळाडू, आइसला पाच. मैदान मोकळं, बहुतेक नियमांत ऑफसाइडची भानगड नाही, त्यामुळे लांब पास आणि एकटा माणूस अंगावर येणं हे सतत. आइसवर उलट गोलसमोर गर्दी, पक दिसतच नाही, कोणाच्या तरी स्टिकला लागून दिशा बदलतो. आइसचा पक १५६ ते १७० ग्रामचा, घट्ट रबर, इनलाइनचा बराच हलका आणि खाली बारीक गुट्ट्या असलेला, तो हवेत डगमगतो, कधी कडेवर उभा राहून चाकासारखा पळत येतो आणि तो अडवणं म्हणजे कोंबडी पकडणं.

तर कोचला विचारायचा प्रश्न "तुम्ही गोली शिकवता का" हा नाही. "कशावर शिकवता" हा आहे. हात, डोळे, अँगल (म्हणजे पक आणि गोलच्या मध्ये नेमकं कुठे उभं राहायचं ते) हे सगळीकडे सारखंच. पाय तेवढे वेगळे.

तिसरी चूक: सगळं एकाच माणसाकडे मिळेल असं समजणे

इथे इनलाइन गोलीचा स्वतंत्र कोच शोधत बसलात तर केस पिकतील. मी अर्धं वर्ष तसाच बसलेलो. मग एका मित्राने टाळकं ठिकाणावर आणलं, म्हणाला अरे तू गोव्यात राहतोस, इथे गल्लीगल्लीत फुटबॉलचा गोलकीपर आहे. खरंच की. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कॅप्टन झालेला, २०२२ला पद्मश्री मिळालेला गोलकीपर ज्या मातीतला त्या मातीत अँगल शिकवणारा माणूस मिळणार नाही? आमच्या वाड्यावरच्या एका जुन्या कीपरने मला दोन संध्याकाळीत जे शिकवलं ते दीड महिन्यात मिळालं नव्हतं. त्याने काथ्याची दोरी घेतली, एकेक टोक दोन्ही पोस्टला बांधलं आणि मधला भाग पक जिथे असेल तिथे खिळ्याला अडकवला, की त्रिकोण तयार. म्हणाला आता यात मधोमध उभा राहा, दोन्ही दोऱ्या तुझ्या अंगापासून सारख्या लांब पाहिजेत. मी नेहमी उजवीकडे अर्धा फूट कललेला असायचो, ते तिथे कळलं. त्याने आयुष्यात स्केट घातलेला नाही.

म्हणजे अँगल फुटबॉलवाल्याकडून, ग्लोव्हचा हात विकेटकीपरकडून टेनिस बॉल भिंतीवर मारून, आणि पाय फक्त इनलाइन स्केटिंगच्या चांगल्या सरांकडून, ज्यांना स्केट तिरका करून कडेवर वजन टाकणं, थांबणं, वळणं येतं. सरांना गोली येत नसला तरी चालतं पण एक बघा, क्लासमध्ये गोलीला नुसता टार्गेट म्हणून उभा करतात का. एक सेशन बाहेर बसून बघायचं. पंधरा पोरं रांगेने शॉट मारतायत आणि गोलीला कोणी एक शब्द बोलत नाही, तर त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, तिथे फी त्यांनी तुम्हाला द्यायला पाहिजे.

सामान आधी, सरफेस नंतर

मी पॅड सेकंडहँड घेतले, बाहेरगावाहून, फोटो बघून. ३६ इंची. माझी उंची साडेपाच फूट. पॅडची साइज उंचीवर नसते, घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत मोजतात आणि गुडघा पॅडच्या आतल्या गुडघ्याच्या जागेतच बसला पाहिजे, हे मला पार्सल उघडल्यावर कळलं. स्टिकचंही तेच, आइसच्या मापाने घेतलेली आणि चाकांवर उंची थोडी वाढते, त्यामुळे स्टिकचं पातं जमिनीवर सपाट बसेना आणि पायांमधून गोल होत राहिले. मी महिनाभर पायांना दोष देत होतो.

आणि कृपा करून क्रिकेटचं हेल्मेट घालून पोराला उभं करू नका. पालक करतात, मी बघितलंय. क्रिकेटची जाळी बॉल अडवायला बनवलेली, बॉल गोल. पक सपाट, जाडी फक्त एक इंच, तो कडेने आला तर जाळी आणि टोपीच्या मधल्या फटीतून सरळ आत येऊ शकतो, स्टिकचं टोकही. हॉकी गोलीचाच मास्क आणि गळ्याचा गार्ड, बाकी कशातही काटकसर करा. एल गार्ड तेवढा क्रिकेटचा चालेल.

चाकांवर नंबर असतो, ७४ ए, ७६ ए, ८४ ए असा. कमी नंबर म्हणजे मऊ, आतल्या गुळगुळीत कोर्टला. जास्त म्हणजे कडक, बाहेरच्या सिमेंटला. मऊ चाकं बाहेर घातलीत तर खडूसारखी झिजतात, कडक चाकं हॉलमध्ये घातलीत तर पोरगं ढकलायला जातं आणि पाय सटकतो, मग सगळे म्हणतात त्याला बॅलन्सच नाही. आणि आपली तांबडी धूळ! हॉलच्या दारातून येते, लादीवर पावडरसारखी बसते. खेळायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, निम्मं सटकणं तिथेच थांबेल.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर छप्पर असलेला कोर्टच पाहिजे, आणि बेअरिंग ओले ठेवलेत की गंज, त्यात समुद्राची हवा. खेळून आल्यावर पुसायचे, महिन्यातून एकदा उघडून साफ करून थेंबभर तेल. पॅड बॅगेत बंद ठेवले तर तीन दिवसांत बुरशी, पंख्याखाली उभे करून ठेवा, घरच्यांनी नाक दाबलं तरी.

पाय अडतोय, तर आधी हे बघा

भाच्याचं सध्या जे चाललंय त्यावरून सांगतो. ढकलल्यावर पोस्टच्या पुढे निघून जातो, कारण आधी पाय टाकतो आणि मग मान वळवतो. आधी डोळे पोस्टवर, मग खांदा, मग स्केट. पकशिवाय नुसतं पोस्ट ते पोस्ट वीस वेळा, कंटाळा येईपर्यंत. तोंडावर पडत असेल तर वजन बोटांवर जास्त आहे. बसताना गुडघा दुखत असेल तर पॅडच्या आत गुडघ्याचा वेगळा गार्ड नाहीये. जांघेत दुखत असेल तर मात्र तिथेच थांबा, "स्ट्रेच होतंय, होऊ दे" असं म्हणणारा कोच असेल तर कोच बदला. सगळ्यांचे खुबे बटरफ्लायसाठी बनलेले नसतात, लहान पोरांना जबरदस्तीने पाय फाकवून बसवणं बंद करा.

मोबाइल गोलच्या मागे, जरा उंचावर लावून रेकॉर्ड करा. समोरून लावला की पोरगं कॅमेऱ्यात छान दिसतं पण उभं कुठे आहे ते कळत नाही.

आणि बर्फ?

"मामा, लडाखला कॅम्प असतो ना, जाऊया?" हे आठवड्यातून दोनदा ऐकतो. जायचंच आहे कधीतरी. २०२५ला यूएईतल्या अल ऐनमध्ये आइस हॉकीच्या एशिया कपात आपल्या मुलींनी ब्राँझ आणलं, त्यातल्या बहुतेक लडाख-हिमाचलच्या, त्यामुळे पोरं पेटलीयत. पण लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, आपण समुद्रसपाटीवरचे मासेखाऊ, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची, गोलीचं सामान अंगावर चढवायचं नाही. तिथला खेळ मुख्यतः हिवाळ्याचा, डिसेंबर शेवट ते फेब्रुवारी. शिमल्याचं रिंकही जुनं, १९२०चं, पण तेही थंडीवरच अवलंबून. डेहराडूनचं इनडोअर हिमाद्री रिंक २०११च्या साउथ एशियन विंटर गेम्सच्या वेळचं आहे, तिकीट काढायच्या आधी चालू आहे का आणि हॉकीला वेळ देतात का ते फोन करून विचारा. बागाकडच्या स्नो पार्कात जाऊन आलो म्हणजे बर्फाची सवय झाली असं समजू नका, तिथे फोटो निघतात.

आपल्याकडे गल्फात कोणीतरी मामा-काका असतोच, तर दुबई मॉलचं ऑलिंपिक साइजचं रिंक हा कधीकधी लेहपेक्षा सोपा रस्ता पडतो. कुठेही गेलात तरी कॅम्पला आधी विचारा की गोलीसाठी वेगळा कोच आहे का आणि गोलीचे स्केट भाड्याने मिळतात का, कारण साध्या खेळाडूचे मिळतात आणि गोलीचे नसतात, ब्लेडच वेगळं, लांब आणि सपाट. आणि थांबायला शिकून जा. चाकांवर थांबणं आणि बर्फावर ब्लेड आडवं घालून थांबणं यात फरक आहे, नाहीतर पाच दिवसांच्या कॅम्पातले तीन दिवस रिंकभोवतीच्या बोर्डला धडकण्यात जातात.

माझे ते ३६ इंची पॅड अजून माळ्यावर पडलेत. कोणाला पाहिजे असतील तर सांगा, पण आधी घोट्यापासून गुडघा मोजून.