नोटिशीच्या आधी घर: आंतरधर्मीय लग्नाची तयारी

दोघांचे धर्म वेगळे आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर बहुतेकदा विशेष विवाह कायदा, १९५४ हाच रस्ता. (जात वेगळी, पण दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायदा चालतो. त्यात नोटीस नाही, पण विधी हवेतच. नुसत्या प्रमाणपत्राने लग्न लागत नाही.)

दोघांपैकी एकजण तरी ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. घोळ होतो तो 'कायमचं राहण्याचं ठिकाण' या रकान्यात. नोकरी पुण्यात, पण कायमचा पत्ता बीडचा, तर नोटिशीची प्रत बीडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही फलकावर लागते. तालुक्याचं कुणीतरी ती वाचतं आणि फोन आईवडिलांना जातो. म्हणून घरी आधी सांगा.

सगळे जेवायला बसलेत तेव्हा नको. आजी, काकांसमोर वडिलांना भूमिका घ्यावीच लागते, आणि चारचौघांत दिलेला नकार मागे घेणं जड जातं. आधी थोरल्या बहिणीला किंवा मामाला विश्वासात घ्या, मग आईला एकटीला गाठा. त्याआधी दोघांनी आपसात ठरवून ठेवा: आडनाव, मुलांचा धर्म, घरात मांस शिजणार का, मरणानंतर दहन की दफन. घरचे हेच विचारतात, आणि दोघांची उत्तरं वेगळी निघाली की नकाराला बळ मिळतं.

कोंडून ठेवतील, मारतील अशी भीती असेल तर मात्र घरी बोलू नका. आधी सुरक्षित जागा गाठा, पोलिसांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले आहेत. जातपंचायतीने वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोटीस लागल्यावर ३० दिवसांत कुणीही लग्नावर आक्षेप घेऊ शकतं, पण आईवडिलांचा नकार हा आक्षेप ठरत नाही. वय (मुलगा २१, मुलगी १८), आधीचा हयात जोडीदार, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता, एवढीच कारणं ऐकली जातात.

'वाटा बुडाला' असं भाऊ म्हणतील. विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख व्यक्ती परधर्मीयाशी असं लग्न करून एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं धरलं जातं, पण त्यामुळे तिचा हिस्सा जात नाही.

आक्षेपाचे ३० दिवस सरले की नोटिशीच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत लग्न लावा, नाहीतर नवी नोटीस. साक्षीदार तीन लागतात. जमलं तर दोन्ही घरांतून एकेक घ्या.