सुपर फॉस्फेटची गोणी फोडण्याआधी

डाळिंबाचा बहार धरायचा म्हटलं की आपल्या सोलापुरात झाडागणिक सुपर फॉस्फेट ओतलं जातं. शेजाऱ्यानं दोन ओंजळी टाकल्या, मग आपण तीन! पण हे खत ज्या रॉक फॉस्फेटपासून बनतं, त्या दगडातच थोडं कॅडमियम, म्हणजे एक विषारी जड धातू, असतं. ते रानात येतं आणि वरच्या थरात साठत जातं.

म्हणून आधी माती तपासा. स्फुरद (फॉस्फरस) भरपूर निघाला तर खताची मात्रा कमी करा, पैसेही वाचतील. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 तपासण्यांत कॅडमियम, शिसं नसतं. ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. नमुना गंजक्या फावड्यानं किंवा जस्ती बादलीत घेऊ नका, प्लास्टिकचं घमेलं बरं.

आपली चुनखडीची काळी जमीन, सामू (पीएच) 8 च्या आसपास, कॅडमियम बरंचसं धरून ठेवते, एवढं नशीब. मात्र बोअरचं पाणी क्लोराइडनं खारट असेल तर तेच सुटून पिकात जातं. अशा रानात पालक टाळा, पालेभाज्या ते फार ओढतात. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेताना अहवाल मागाच: किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅमच्या आत हवं.