दिवाळीच्या सुट्टीत फॅमिलीला घेऊन हॅवलॉकला जायचंय? आधी तिथी बघा

दिवाळीत अंदमान ठरलं की सगळे पहिलं पॅकेज बघतात, इतक्या रात्री इतके दिवस, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड वगैरे. माझं म्हणणं आहे की त्याच्याही आधी कॅलेंडरमधली तिथी बघा. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं, म्हणजे समुद्राला उधाण, भरती मोठी तशी ओहोटीपण मोठी, आणि हॅवलॉकवरची (आता नाव स्वराज द्वीप) बरीच रिसॉर्ट पूर्वेच्या किनाऱ्यावर विजयनगरच्या, म्हणजे बीच नंबर 5 च्या, पट्ट्यात आहेत, तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायचं सोडाच, पायाखाली नुसते खडक आणि प्रवाळाचे तुकडे. वेबसाइटवरचे निळेशार फोटो भरतीचे असतात. 'सी फेसिंग'चे जास्त पैसे भरून मुलं दुपारभर चिखल बघत बसली की सगळ्यांचाच मूड जातो.

म्हणून जायच्या तारखा ठरल्या की पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) नेटवर काढा, फुकट मिळतं. कोकणात आपण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, तो हिशोब इथे जसाच्या तसा चालत नाही, इथल्या वेळा वेगळ्या आहेत. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेवढं धरून पोहायचे तास आधीच लिहून ठेवा. पोहायला सगळ्यात चांगला राधानगर, म्हणजे बीच नंबर 7, लांबलचक वाळू आणि मागे मोठ्या झाडांची सावली, आजी-आजोबा आरामात बसू शकतात. पण लाइफगार्ड सांगतील त्याच हद्दीत पोहा, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, बोर्ड लावलेत ते शोभेला नाहीत. अमावस्येचा एक फायदा मात्र जबरदस्त, काळोख्या रात्री कयाकमधून गेलात तर वल्ह्याबरोबर पाणी चमकताना दिसतं, मोठ्या मुलांना हे नक्की दाखवा.

आता पाऊस. आपल्याकडे दसऱ्यानंतर आकाश मोकळं होतं म्हणून तिकडेही तसंच असेल असं धरू नका, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, ईशान्येचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांत येतात. दिवाळी जितकी उशिरा तितकं बरं, 2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ऑक्टोबरपेक्षा चान्स चांगला. शाळेची सुट्टी लांब असेल तर भाऊबीज घरी करून मग निघा, समुद्र थोडा शांत मिळण्याची शक्यता वाढते आणि घरातला सणही बुडत नाही. रिसॉर्ट बुक करताना रिफंडेबल रेट घ्या, थोडा महाग पडला तरी घ्याच.

विमान मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई किंवा कोलकाता करून पोर्ट ब्लेअरला जातं (2024 पासून श्री विजयपुरम). तिथून हॅवलॉकला फेरी, प्रायव्हेटवाल्या साधारण दीड ते अडीच तास घेतात, सरकारी स्वस्त पण तिकीट मिळवायची खटपट जास्त. दिवाळीत फेरी फुल होते म्हणून विमानाच्या पाठोपाठ लगेच फेरी बुक करा, रिसॉर्ट त्यानंतर. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि लहान मुलांचा डोस डॉक्टरांना विचारून.

सगळ्यात महत्त्वाचं, हॅवलॉकहून ज्या दिवशी परत याल त्याच दिवशीचं विमान अजिबात घेऊ नका. समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि मग चार-सहा जणांची तिकिटं वाया. शिवाय कोणी स्कूबा केलं असेल तर त्यानंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही असा नियम आहे, तोही यात आपोआप पाळला जातो. स्कूबाला मुलं साधारण 10 वर्षांची लागतात, लहानांना एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग करता येतं, हवा खराब असेल तर तिथल्या बोटी बंद असतात म्हणून ते पहिल्याच दिवशी उरकून टाका. प्रवाळावर पाय देऊ नका आणि शंख-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत हे मुलांना घरूनच समजावून न्या, एअरपोर्टवर बॅगा तपासतात आणि खरं सांगायचं तर ते तिथेच राहायला हवेत.

दिवस तिथे लवकर संपतो, नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. नऊ वाजता ब्रेकफास्ट, दोनला जेवण, मग एक झोप असं केलंत तर राधानगरला अंधारातच पोचाल. सकाळी साडेपाचला उजाडतं, तेव्हाच बाहेर पडा.

रिसॉर्टला फोन करून विचारा: पूल आहे का (ओहोटीच्या वेळी मुलांसाठी तोच आधार), जनरेटरवर एसी चालतो का, एक्स्ट्रा बेड म्हणजे खरा पलंग की जमिनीवर गादी, आजींसाठी खालची रूम मिळेल का, आणि लहानांना साधा वरणभात करून देतील का. थोडी कॅश जवळ ठेवा, बेटावर एटीएम मोजकी आणि नेटवर्क अधूनमधून जातं. नेहमीची औषधं घरूनच न्या, मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच.

फेरी आणि विमानामधला जो दिवस मोकळा ठेवलाय तो सेल्युलर जेलला द्या. 1906 साली बांधून पूर्ण झालेला, 698 कोठड्यांचा तुरुंग, मूळच्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर 1911 मध्ये इथे आणले गेले, त्यांची कोठडी बघायला जिने चढावे लागतात, म्हणून आजी-आजोबांना घेऊन दुपारच्या उन्हात नको, सकाळी जा. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं सुट्टीत लवकर संपतात, आणि हिंदी-इंग्रजीचे शो वेगवेगळे असतात, तिकीट काढताना भाषा नीट बघून घ्या.